मैनाबीचे कागद

सकाळी सहाला मेडिकलच्या रांगेत उभी राहिली आमची मैनाबी,
सत्तरी ओलांडलेली,
दोन दिवसांपासून लघवी अडलेली,
आणि काखेत पत्र्याची पेटी.
"पेटी कायले, गुरू?"
"सरकारी काम हाय पोट्टे. कोणता कागद मांगतीन, सांगता येते का?"

खिडकीतल्या पोराने आधार पाहिलं, मग तिला पाहिलं,
मग पुन्हा आधार.
"डोमाजी कोण?"
"मेला थो. पंचावन सालं झाली."
मागच्या बाया हसल्या. वाईट नाही हसल्या.

मग तिने कलेक्टर ऑफिसचं ओळखपत्र सरकवलं,
अजून प्लॅस्टिकचा वास येतो त्याला.
पोराने 'स्त्री' दाबलं, मशीन म्हणालं स्त्रीरोग.
'इतर' दाबलं, मशीन काहीच म्हणालं नाही.
"पुरुष टाकू का मावशी? लवकर होईल."
भला होता बिचारा. चहाही थंड झाला त्याचा आमच्यापायी.

बाकावर बसून तिने पेटी उघडली.
सगळ्यात खाली मोडीतला कागद, जरीच्या चिंधीत.
भोसल्यांच्या वेळचा, म्हणते ती.
गुरूच्या गुरूच्या गुरूला म्हणे हक्क होता,
दर घरामागे एक पैसा, पसाभर धान्य.
मोडी आमच्यात कोणालाच येत नाही.
म्हशीच्या विक्रीची पावतीही असेल.
असलाच हक्क, तर मागायचा होता तो.
मागून आणलेलं पोटात ठरत नसेल तर काय,
ते कोणत्या राजाने लिहून दिलं?

गोऱ्यांचा कागद पेटीत नाही.
"थ्यो त्यायच्याचपाशी राहे," मैनाबी म्हणते.
नावं लिहून घेत. लुगड्यात दिसली की कोठडी.
ऐकीव आहे सगळं, तिच्या गुरूकडून, त्याच्या गुरूकडून:
जखम चिघळली तरी दवाखान्याची पायरी चढायची नाही,
हळद, गरम तेल,
आणि पाळीपाळीने कोणीतरी रात्रभर जागायचं.
सकाळी मोजायचं, किती उरल्या.

मग आपलं राज्य आलं.
डोमाजीचं रेशन कार्ड, कडा उंदराने खाल्लेल्या.
डोमाजी साखर घ्यायचा, रॉकेल घ्यायचा,
पुरुषांच्या रांगेत मत द्यायचा,
आणि मैनाबी घरी येऊन बोटावरची शाई घासत बसायची.

मग कोर्ट म्हणालं, तू म्हणशील ती तू.
त्या दिवशी इतवारीत आम्ही पेढे वाटले,
दुकानदाराने उधारी मागितली नाही.
मग कायदा आला, म्हणाला, कलेक्टर म्हणेल ती तू.
पेढे पचायच्या आतच.

मी मूर्खासारखं विचारलं,
"गुरू, यातलं चांगलं राज्य कोणतं?"
तिने ओटीपोट दाबून धरलं. कितीतरी वेळ बोलली नाही.
"जेथं मुतता येईन, थे."

अकराच्या सुमाराला एक इंटर्न पोरगी थांबली,
देसाईगंजकडची, बोलण्यावरून कळलं.
तिने खिडकीला काही विचारलं नाही.
पडदा अर्धाच होता, उरलेला अर्धा मी झाले,
ओढणी पसरून.
नळी गेली. मैनाबीने माझं मनगट पिरगाळलं,
आणि पिशवीत धार लागली,
गढूळ, मग लालसर, मग नुसती पिवळी.
असा आवाज मी कोणत्याच देवळात ऐकला नाही.

पुरुषांचा वॉर्ड नको म्हणाला, बायकांचा वॉर्ड भरला आहे म्हणाला.
खाट टाकली दोन्हींच्या मधल्या पॅसेजमध्ये,
जिथून जेवणाची ट्रॉली जाते
आणि प्रत्येक जण तिला धक्का मारून सॉरी म्हणतो.
पेटी उशाला घेऊन झोपली.
केसपेपरवर इंटर्नने पेनाने लिहिलंय: मैनाबी, वय ७१.
पुढे नुसती एक आडवी रेघ.

उद्या सोनोग्राफी. नंबर सकाळी सहाला लावायचा.
मी तिचा लावेन, आणि जमलं तर माझाही.
हार्मोनची गोळी आठ महिने दुकानातून घेतेय, विचारून विचारून,
पायाला सूज येते संध्याकाळी.
माझ्या आधारावर अजून चंद्रभान आहे.